जीपचं दावं

जीप विकायची ठरल्यापासून आमच्या अंगणात रोज कोणी ना कोणी येऊन तिच्या टायरला लाथ मारून जात होतं. जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी टायरला लाथ का मारतो, हे मला आजवर कळलेलं नाही. गाय बघायला आलेला निदान दात बघतो, आचळाला हात लावतो, त्याला काही अर्थ तरी असतो. इथे लाथ मारायची, बॉनेट उघडायला लावायचं, आत डोकं घालून "हूं" म्हणायचं आणि चहा पिऊन निघायचं. जाताना "सांगतो" म्हणायचं. त्यातल्या एकानेही काही सांगितलं नाही. अमरावतीहून दलाल आले ते सरळ भंगाराच्या भाषेत बोलले. एक जण म्हणाला, "मॅडम, हिचं वय झालं. आता लोखंडाच्या वजनावरच जाईन हे." त्याला मी चहा दिला नाही.

मी गुरांची डॉक्टर. सरकारी नोकरी लागेल लागेल म्हणत तरुणपण गेलं, मग मी वाट बघणं सोडलं आणि स्वतःचा दवाखाना काढला. दवाखाना म्हणजे ही जीपच. मागच्या सीटवर औषधांची पेटी, खाली गमबूट, बादली आणि साबण. आमचं गाव अमरावती-अकोला रस्त्यापासून आत, आणि मला जावं लागे ती गावं त्याहूनही आत. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात माणसाला धरून ठेवते. मोटरसायकलच्या चाकात चिखल असा काही बसतो की शेवटी गाडीवर माणूस बसण्याऐवजी माणसावर गाडी बसते. जीपची चारही चाकं ओढायची म्हणून मी पोचायचे. अडलेल्या गाईला आणि पोट फुगलेल्या म्हशीला थांबायला सवड नसते. या गाडीने मला कधी उशिरा पोचवलं नाही. उशीर झाला तो लोकांनी फोन उशिरा केला म्हणून.

ती एका सरकारी लिलावात घेतलेली. घरी आणली त्या दिवशी बाबा तिच्याभोवती हात मागे बांधून फिरले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जनावर त चांगलं आहे. पन दावं कोठी आहे हिचं?" मला वाटलं, थट्टा झाली, संपली. पण दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर अंबाडी घेऊन बसले आणि मनगटाएवढा जाड दोर वळायला लागले. तो वळून झाल्यावर त्याला हळद लावली, एक टोक जीपच्या पुढच्या हुकात अडकवलं आणि दुसरं गोठ्यातल्या खुंट्याला बांधलं. शेजारचे हसून हसून बेजार. बाबांचा चेहरा मात्र गंभीर. थट्टा करताना त्यांचा चेहरा नेहमी गंभीरच असायचा, त्यामुळे ती थट्टा होती की नव्हती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दाव्याने पुढे पुष्कळ कामं केली. फसलेले ट्रॅक्टर ओढले, शाळेची गाडी ओढली, एकदा तर नवरदेवासकट वरातीची बस ओढली, आणि नवरदेवाच्या मामाने खाली उतरून मलाच आहेर केला. पोळ्याला बैलांबरोबर जीप धुतली जायची, दाव्याला तेल लागायचं आणि बंपरपुढे पुरणपोळी ठेवली जायची. मग बैल गेले, भावाने ट्रॅक्टर भाड्याने लावायला सुरुवात केली, गोठा रिकामा झाला. तेव्हापासून पोळ्याला जीप एकटीच उभी राहायची. बाबा गेल्यावर हे सगळं आईने चालू ठेवलं. बाबांच्या वेळी त्यात थोडी तरी थट्टा होती. आईच्या वेळी ती उरली नाही.

आमच्याकडे जनावर विकलं तर त्याचं दावं सोबत देत नाहीत. घेणाऱ्याने आपला दोर आणायचा, जनावराच्या गळ्यात घालायचा, मग विकणाऱ्याने आपलं दावं सोडून घ्यायचं आणि घरी आणून खुंटीला टांगायचं. जनावर गेलं तरी त्याची बरकत घरी राहते, असा समज आहे. लेकीला आंदण म्हणून गाय दिली तर मात्र ती दाव्यासकट जाते, कारण ते विकणं नसतं. माझ्या आत्याबरोबर गेलेल्या गाईचं दावं तिच्या सासरी कितीतरी वर्षं होतं. गुरांच्या बाजारात मी हे सगळं उभ्या जन्मात इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याकडे लक्षही जात नसे. सौदा करून निघालेला एखादा म्हातारा अर्ध्या वाटेवरून धापा टाकत परत यायचा, "दावं राहिलं, दावं राहिलं" म्हणत. मी त्याला हसायचे.

कॅनडाचं जमलं ते माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीमुळे. ती तिथे एका मोठ्या डेअरी फार्मवर आहे. तिथे मी डॉक्टर नसणार, गाईंची देखभाल करणारी एक कामगार असणार, हे तिने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. गावात मला जो तो विचारायचा, आता या वयात कशाला? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. कोणाला म्हणायचे, तिकडे शिकायला मिळतं. कोणाला म्हणायचे, इथे आता जनावरंच उरली नाहीत, उपचार काय ट्रॅक्टरवर करू? हे खोटं नव्हतं. पण खरं कारण त्याहून साधं होतं. मी थकले होते. अडलेल्या गाईंच्या पोटात हात घालून घालून उजवा खांदा कामातून गेला होता. ज्या गावात पूर्वी दिवस पुरायचा नाही तिथे आता दोन म्हशी आणि चार बकऱ्या. लग्न आधी जमलं नाही, नंतर मी जमवलं नाही. सकाळी उठून जीपची किल्ली हातात घेतली की पहिला विचार यायचा, आज कोणाचा फोन नाही आला तर बरं. ज्या दिवशी हा विचार मला माझा मलाच ऐकू आला, त्या दिवशी मी मैत्रिणीला होकार कळवला.

भावाने ऐकलं आणि म्हणाला, "जाय मंग. इथं राहून तरी काय करशीन." वहिनीने थंडीच्या कपड्यांची चौकशी केली. आई काहीच बोलली नाही. व्हिसा आला त्या दिवशी मी तिच्यापुढे पासपोर्ट उघडून धरला, तर तिने चष्मा लावून माझा फोटो पाहिला आणि म्हणाली, "केस विंचरले नाई वाटते." बस. जा म्हणाली नाही, नको जाऊ असंही म्हणाली नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. "माय, काई त बोल," म्हटलं, तर म्हणायची, "मी काय बोलू? तुयं ठरलं नं?" आणि दळणाचं बघायला उठून जायची.

मला तिच्याकडून एवढंच हवं होतं, एक शब्द. जा म्हणाली असती तर मी गेले असते, नको म्हणाली असती तर भांडून गेले असते. पण काहीच न बोलणाऱ्या माणसाच्या घरातून बाहेर कसं पडायचं, ते मला कळत नव्हतं. जायचा दिवस जवळ येत चालला तसतशी मी चिडचिडी होत गेले. सामान विकणं, कपडे वाटणं, बँकेच्या खेपा, आणि मध्येच टायरला लाथ मारायला येणारी माणसं.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते अकोल्याच्या जुन्या शहरातलं. फळांचा व्यापारी, साठीच्या घरातला माणूस, पांढरी दाढी, पांढरा कुर्ता. संत्र्यांच्या बागा ठेक्याने घेण्याचा धंदा त्याच्या आजोबांपासूनचा. वरूडकडे त्याने एक बाग घेतली होती आणि संक्रांतीनंतर मृगबहाराच्या फळांची तोडणी सुरू झाली होती. ओलवलेल्या बागेत साधी गाडी शिरत नाही, म्हणून त्याला चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. त्याने टायरला लाथ मारली नाही. पांढऱ्या कुर्त्यासकट तो जीपच्या खाली आडवा झाला, बराच वेळ तिथेच राहिला, मग बाहेर येऊन म्हणाला, "चालवून पाहू का, बाई?" भावाच्या नांगरलेल्या वावरातून त्याने ती एक फेरी मारून आणली, काठावर बंद केली आणि उतरून तिच्या बॉनेटवर हात ठेवला. "म्हातारी आहे," तो म्हणाला, "पन दिल साफ आहे हिचं." मला तो माणूस तिथेच पटला. जास्त घासाघीस न करता सौदा झाला. त्याचा ड्रायव्हर बागेत अडकला होता, म्हणून गाडी मीच अकोल्याला पोचवायची ठरली.

निघायच्या सकाळी आईने जीपच्या काचेखाली कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. मी गाडी सुरू केली तशी ती माझ्या खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "दावं सोडून घेजो."

"हाव, माय."

"इसरू नको."

"नाई इसरत." मी गिअर टाकला. ती फाटकाशी उभी राहून पाहत होती, माझ्याकडे की गाडीकडे ते आरशात कळलं नाही.

त्या शेवटच्या प्रवासाबद्दल मला काही खास सांगता येणार नाही. आठवणी दाटून येतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, समोर कपाशीच्या गाठींचा ट्रक, त्याच्यामागे मी, आणि डोक्यात बँकेतला एक कागद कुठे ठेवला याचा घोर. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरले तेव्हा बाजार भरात होता. व्यापाऱ्याची गल्ली इतकी अरुंद की जीप तोंडाशीच लावावी लागली. घरी चहा झाला, सोललेली संत्री समोर आली, कागदांवर सह्या झाल्या. मी औषधांची पेटी आधीच काढली होती. डॅशबोर्डातून टॉर्च, एक मोडका थर्मामीटर आणि बाबांचा कंगवा काढून घेतला, किल्ली दिली आणि बसस्टँडवर आले. मूर्तिजापूर येण्याआधीच मला झोप लागली.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवरच बसलेली. माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "दावं?"

दावं मागच्या सीटखाली गोणपाटात होतं, तसंच तिथे राहिलं होतं. इतकी वर्षं बाजारातल्या म्हाताऱ्यांना हसलेली मी, गुरांची डॉक्टर, जनावर दाव्यासकट विकून आले होते. आणि मला आधी लाज नाही वाटली, राग आला.

"राहिलं. आता मी त्याच्यासाठी परत जाऊ का? मले सामान भराचं आहे, तहसिलीत जाचं आहे. अन् ते काय गाय होती का, माय? लोखंडाची गाडी होती ते. लोखंडाची कोनती बरकत?"

आईचा आवाज चढला नाही. "मी काई म्हनलं का?" ती म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली. मला वाढलं, स्वतः जेवली, भांडी घासली. त्या दिवशी ती माझ्यावर ओरडली असती तर मी अकोल्याला गेले नसते, हे मी खात्रीने सांगते.

सकाळी मी व्यापाऱ्याला फोन केला. तो खुशीत होता. "हाव, सापडला नं दोर. मस्त आहे. कालच त्यानं मंडीतल्या नालीत फसलेला मिनीट्रक ओढला, संत्र्यानं भरलेला." मी म्हटलं, तो दोर मला परत हवा आहे. मग तो जरा अवघडून म्हणाला, "बाई, बुरा नका मानू. सौद्यात आलेली चीज वापस गेली त सौदा तुटते म्हनतात. पैसे घ्या, नवीन दोर घेऊन देतो, पन..." आणि लगेच पुढे म्हणाला, "तुमी या तं खरं. इथं बोलू."

मी परत बस पकडली. जीप गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. एका दिवसात तिचं सगळं बदललं होतं. मागे प्लास्टिकचे क्रेट रचलेले, आरशाला हिरवी झालर, डॅशबोर्डावर कोणाची तरी चिवड्याची पुडी. औषधांच्या वासाऐवजी संत्र्यांचा वास. बाबांचं दावं पुढच्या हुकाला बांधलेलं होतं, नीट, दोन वेढे देऊन. आईचं कुंकू काचेखाली तसंच होतं. ते पुसायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. आमच्याकडे दावं देत नाहीत, आईने बजावलं होतं, मी विसरले, आणि आता मी देश सोडून चालले आहे. शेवटचं वाक्य बोलायचं काही कारण नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. तो दाढीवरून हात फिरवत ऐकत होता. मग एकदम कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, म्हंजे गलती माझी आहे. आपला दोर घेनाऱ्यानं आनाचा असते. माझा बाप बकऱ्या घ्याले जाये त खांद्यावर दोर टाकूनच घरातून निंघे. म्या गाडी समजून आलो, अन् रिकाम्या हातानं आलो." त्याला ते फारच लागलं. त्याने चहाही होऊ दिला नाही. आम्ही दोघं बाजारात गेलो. दोराच्या दुकानात त्याने सगळा माल खाली काढायला लावला, ओढून पाहिला, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि हिरवा नायलॉनचा दोर निवडला. मी नुसती उभी. पाय दुखत होते आणि मनात येत होतं, माझ्या आयुष्यातले या देशातले शेवटचे दिवस मी दोर बघत घालवते आहे.

परत येऊन त्याने नवा दोर जीपच्या हुकात ओवला, गाठ मारली, ओढून पाहिली. मग बाजूला झाला. "आता तुमचं सोडा."

मिनीट्रक ओढताना गाठ आवळून दगड झाली होती. माझी नखं तुटली, उजवा खांदा ठणकायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं, पण तो हात लावेना. "नाई बाई, विकनाऱ्यानंच सोडाव लागते." गल्लीत येणारे-जाणारे थबकून बघत होते. मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि पाना घेऊन गाठ सैल करत राहिले. बॉनेटखालून इंजिनच्या तेलाचा वास तोंडावर येत होता. आणि तेव्हा मला रडू आलं. सही करताना आलं नव्हतं, किल्ली देताना आलं नव्हतं. अंबाडीचे पीळ हातात होते. ते बाबांनी वळले होते. पुढच्या पोळ्याला ही गाडी कोणी धुणार नव्हतं आणि मी बर्फात असणार होते. गाठ सुटली तशी मी दावं गुंडाळून काखेत घेतलं, त्याला नमस्कार केला आणि मागे न बघता निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत मला त्याचे पाय मागून येताना ऐकू आले, मग थांबले.

बसमध्ये कंडक्टरने माझ्या मांडीवरचं दावं पाहिलं. "जनावर इकलं वाटते, बाई?"

"हाव."

"दुधाचं होतं का?"

"नाई. कामाचं."

"मंग जास्त जीव लागते," तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला.

आईने दावं माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि गोठ्यात नेऊन खुंटीला टांगलं. रिकाम्या गोठ्यात त्या खुंटीवर बैलांची दावी अजून होती. त्यांच्या शेजारी हे. मग हात झटकून ती चुलीकडे गेली. एवढी फरफट करून आणलं, तर बरं झालं एवढं तरी म्हणेल, अशी माझी वेडी आशा. मी पडवीत उभी राहून पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं. बैलांची बरकत घरी राहिली, जीपची राहिली, आता माझंही एक काहीतरी तिथे टांगतील. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी घरभर सामान पसरलेलं. भावाने कापूस मोजायचा स्प्रिंगचा काटा आणून पडवीच्या आढ्याला अडकवला होता आणि त्याला माझी बॅग टांगून वजन बघत होता. विमानाचं वजन ठरलेलं. एकदा भरलं तर जास्त झालं, लोणच्याची बरणी काढली. दुसऱ्यांदा भरलं तर काटा बरोबर जागेवर आला. बॅग खाली उतरवत भाऊ म्हणाला, "आता याच्यात कागद बी टाकू नको."

तेवढ्यात आई गोठ्याकडून आली. तिच्या हातात दावं होतं. ते तिने धुऊन वाळवलं होतं, तेल लावलं होतं, आणि टोकाला हळद होती. तिने ते माझ्या बॅगेवर ठेवलं.

"हे टाक त्याच्यात."

मला आधी समजलंच नाही. भाऊ म्हणाला, "माय, वजन झालं नं. अन् तिकडं तिले कायले पायजे हे? तिकडं गाई बी मशिननं बांधतात."

"तिथं बरफात गाड्या फसतात म्हनते," आई म्हणाली. मग तिला स्वतःलाच ते कारण पुरेसं वाटलं नसावं. ती खाली बसली आणि बॅगेची चेन उघडायला लागली.

माझा आवाज चढला. थकव्याने, दुसरं काय. "माय, याच्यासाठी मी अकोल्याले परत गेली. दावं घरी राहू द्याचं असते, तूच म्हनत होती नं? मंग आता हे काय?"

"जीप इकली होती," आई म्हणाली. "इकलं त दावं घरी ठेवाचं. देल्लं त दाव्यासकट द्याचं." चेन अडकत होती. ती बोटांनी ओढत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही. "तुले मी इकून नाई राहिली."

भाऊ काट्याला धरून उभा होता, तो तसाच राहिला. मला उभ्या आयुष्यात तिने कुठे दिलं नव्हतं. आधी मागायला कोणी आलं नव्हतं, आणि नंतर जे आले त्यांना मी परत पाठवलं होतं. ती आता देत होती.

मी खाली बसले, तिचा हात बाजूला केला आणि चेन उघडली. दावं आत बसेना, म्हणून कुकर बाहेर काढला.